पुढच्या खोलीतला दसरा

आमच्या काचीगुड्याच्या घरात माणसांपेक्षा स्टेशनचा आवाज मोठा होता आणि स्टेशनपेक्षा माईआत्याचा. मालगाडी आली की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणत, पुढच्या खोलीतल्या एखाद्या टाइपरायटरची घंटा आपोआप टिंग करी, आणि त्या सगळ्यावरून माईआत्या मागच्या गच्चीतून आईला सांगत असे की वरणात चिंच जास्त झाली आहे. गाडी जाईपर्यंत थांबून मग बोलावं हे तिला कधी पटलं नाही. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराचं पंचांग तिच्या हातात गेलं. कोणत्या दिवशी केस धुवायचे, कोणत्या दिवशी लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी कोणत्या तिथीला चालते (हैदराबादेत येऊन तिनं गोंगुऱ्यालाही शास्त्रात जागा करून दिली होती), हे सगळं तिच्या तोंडून निघे आणि अण्णांसारखा टाइपिंगच्या परीक्षेत पोरांना धडाधड नापास करणारा माणूस तिच्यापुढे मान खाली घालून "बरं माई" म्हणे.

पुढच्या खोलीत अण्णांचा टाइपिंगचा क्लास होता. माझ्या लहानपणी तिथं सकाळपासून खडखडाट चाले आणि त्या खडखडाटात मला झोप लागे. मी कॉलेजात जामबागेला जायला लागले तोवर खडखडाट निम्मा झाला होता, आणि बी.ए. होऊन घरी बसले तोवर एक म्हातारे गृहस्थ तेवढे येत राहिले होते, तेही घरी सून बोलू देत नाही म्हणून. बाकीची यंत्रं कापडाखाली झाकलेली. मग अण्णांनी ठरवलं की आता कॉम्प्युटर घ्यायचा आणि अक्षरजुळणी सुरू करायची. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघे. त्याचे छपाईचे खिळे जुळवणारे गृहस्थ थकून गावी निघून गेले होते आणि शहरात दुसरं कुणी मिळेना. मंडळाचे कार्यवाह बापूसाहेब घरी आले, आईनं केलेले उस्मानिया बिस्किटांसोबतचे दोन चहा प्यायले आणि अंकाची पानं जुळवून द्यायचं काम अण्णांवर टाकून गेले. दसऱ्यापर्यंत पानं द्यायची, म्हणजे छापखान्याला वेळ मिळेल.

ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "वैजू, तू तो कोर्स केलास ना? मग हे तू करायचंस. अंक वेळेवर गेला तर मशीन तुझं, धंदा तुझा, मी मधे बोलणार नाही. नाही जमलं तर तुझ्या मावशीचा श्रीरंग पुण्याला तेच काम करतो, तो घेऊन जाईल मशीन. आणि तू बी.एड.चा अर्ज भर." बी.एड. म्हणजे लातूरला काकांकडे राहणं, काकूच्या हाताखाली भाकऱ्या बडवणं आणि मग एखाद्या मास्तराशी लग्न. मला हैदराबाद सोडायचं नव्हतं. मला ते मशीन हवं होतं. इतकं काही मला त्यानंतर कधीच हवंसं वाटलं नाही, नवरासुद्धा नाही. तो आपला आला.

आता माझ्या त्या कोर्सबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की अण्णांनी कोणत्या रत्नावर भरवसा टाकला होता. कोठीच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तो क्लास चाले. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. तिथले सर मोठे भित्रे. पोरांनी कुठल्याही प्रोग्रॅमला हात लावला की तो मोडणार अशी त्यांची खात्री. म्हणून त्यांनी अख्खा कोर्स एका खिडकीवर काढला: कंट्रोल पॅनेल. त्या खिडकीत लहान लहान चित्रं असतात. उंदराचं, कळफलकाचं, प्रिंटरचं, भोंग्याचं, घड्याळाचं. चित्रावर दोनदा टिचकी मारली की त्या त्या गोष्टीची व्यवस्था आपल्या हातात येते. सर म्हणत, "डरो नक्को अम्मा, इसमें कुछ भी करो, वापस हो जाता." इतर पोरी पत्र टाइप करायला, हिशेब मांडायला शिकून बाहेर पडल्या असतील, मी पडद्याचा रंग बदलायला शिकून बाहेर पडले. आणि माझी समजूत अशी, की मी कॉम्प्युटर शिकले. सर्टिफिकेटावर 'सिस्टिम' असा एक शब्द होता. तेवढ्यावर मी स्वतःला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणवून घ्यायची. खड्ड्यात गेली ती पोरगी. आज समोर आली तर मी तिच्या वेणीला धरून विचारीन, बाई, तुला फाइलची प्रत काढता येते का? नाही यायची. कंट्रोल पॅनेलमध्ये त्याचं चित्रच नव्हतं.

कॉम्प्युटर खोक्यांतून आला तेव्हा माईआत्या दारातच उभी होती.

"काय आणलंस?"

"कॉम्प्युटर, माई," अण्णा म्हणाले.

"ते दिसतंय. आज आणलास?"

अण्णांनी जीभ चावली. भाद्रपदातली पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती. पितृपंधरवडा लागला होता. या पंधरवड्यात आमच्याकडे नवा रुमालसुद्धा कुणी घडी मोडून वापरत नसे. कॉम्प्युटर तर फार पुढची गोष्ट. माईआत्यानं निकाल दिला: खोकी राहू देत, घटस्थापनेला उघडा. अण्णा कॅलेंडरापुढे उभे राहून मनाशी काहीतरी मोजू लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. घटस्थापनेला सुरुवात करून दसऱ्याला अंक देणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मला तर डोळ्यांपुढे काकूची परात दिसायला लागली.

आणि मग ॲडमिनिस्ट्रेटर पुढे झाली. म्हटलं, "माईआत्या, कॉम्प्युटरला स्वतःची तारीख असते."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या आत एक घड्याळ आणि एक कॅलेंडर असतं. आपण सांगू तो दिवस त्याच्या आत असतो."

"दाखव," ती म्हणाली. दाखवायचं तर जोडून सुरू करायला हवा. त्यावर तिनं विचार करून सांगितलं की मुहूर्त पाहण्यापुरतं सुरू करणं हे सुरू करणं नव्हे. मी जोडला, कंट्रोल पॅनेल उघडलं, घड्याळाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि कॅलेंडर पुढे सरकवत दसऱ्याच्या तारखेवर नेऊन ठेवलं. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बदलली. माईआत्यानं चष्मा लावला, पंचांगाचं पान उलटून दोन्ही तारखा ताडून पाहिल्या आणि बराच वेळ गप्प बसली. तेवढ्यात एक मालगाडी येऊन गेली तरी ती बोलली नाही, म्हणजे विचार किती खोल असेल पाहा. मग म्हणाली, "अमेरिकेत गेलेली आपल्या नात्यातली सरू तिथला चंद्र पाहून संकष्टी सोडते. इथला नव्हे. म्हणजे जागा बदलली की तिथी बदलते, हे शास्त्राला मान्य आहे. याची जागा वेगळी. याच्या आत दसरा आहे तर आहे."

मला वाटलं, जिंकले. पण माईआत्या अर्धवट काही करत नसे. आत दसरा आहे म्हटल्यावर तो नीट व्हायला हवा. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर तिनं रांगोळीची जाड रेघ ओढली: रेघेच्या आत दसरा, रेघेच्या बाहेर पितृपक्ष. आतल्या बाजूनं झेंडूचं तोरण लागलं, बाहेरून ते दिसू नये म्हणून वर जुन्या साडीचा पडदा. दसऱ्याला इथं आपट्याऐवजी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देतात. ती आणायला माईआत्या स्वतः फुलवाल्याकडे गेली. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, दसरे को तो भौत दिन हैं." माईआत्या म्हणाली, "तुम्हारे यहाँ होंगे. हमारे सामने के कमरे में आज है." त्यानं कुठूनशी फांदी आणून दिली आणि त्यानंतर तो आमच्या घराकडे पाहून हळूच नमस्कार करू लागला. पानं कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवली, कळफलकाला हळदकुंकू लावलं (इंग्रजी 'जे'च्या फटीत गेलेलं कुंकू शेवटपर्यंत निघालं नाही) आणि मुहूर्तानं मी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम चढवला. प्रोग्रॅम मुदतीचा होता. महिनाभर वापरून पाहायचा, पसंत पडला तर कायमचा घ्यायचा. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. माझी नात रिया म्हणते, "आज्जी, यू आर मेकिंग धिस अप." तिला भाद्रपद कशाशी खातात ते ठाऊक नाही, मराठी वाचते ती बोट ठेवून, आणि तिच्या फोनला तारीख सांगावीच लागत नाही, तो आपली आपण लावून घेतो. पण यातलं काही मी मनचं रचत नाहीये. आमच्या घरात भाद्रपद आणि आश्विन हे दोन महिने शेजारी शेजारी नांदत होते. सप्तमीला आजोबांचं श्राद्ध होतं. स्वयंपाकघरात वडे, खीर, आळूची भाजी, आमसुलाची चटणी, आणि त्याच शेगडीशेजारी श्रीखंडासाठी टांगलेला चक्का, कारण आतल्यांना श्राद्धाचं जेवण चालायचं नाही. आत म्हणजे मी. मला पुरी-श्रीखंड आत पडद्याखालून सरकवत. कावळ्यासाठी पान मागच्या गच्चीवर ठेवलं होतं, पण कावळा नेमका पुढच्या खोलीच्या खिडकीत येऊन बसला. माईआत्या हातात पळी घेऊन धावत आली आणि त्याला म्हणाली, "बाबा, इथं नव्हे! इथं दसरा आहे. मागं जा, मागं वाढलंय." आणि कावळा गेला हो. श्राद्धाला आलेल्या गुरुजींनी पडद्यामागचा झेंडूचा वास ओळखला आणि विचारलं. माईआत्यानं सगळं समजावून सांगितलं. गुरुजींनी बाहेरचं ताट संपवलं, हात धुतले, चूळ भरली आणि म्हणाले, "मग आतही घटकाभर बसायला हरकत नाही." आत येऊन त्यांनी चार पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड घेतलं, कॉम्प्युटरला जम्मीचं पान दिलं आणि समाधानानं ढेकर देऊन पुन्हा पितृपक्षात गेले.

काम मात्र होत होतं. सकाळभर मी बापूसाहेबांनी दिलेले लेख टंकत असे. दुपारी मात्र मला माझं ॲडमिनिस्ट्रेटरपण सुचे आणि मी कंट्रोल पॅनेल उघडून घर ताळ्यावर आणायला बसे. अण्णा डावखुरे, म्हणून त्यांच्यासाठी उंदराच्या कळा उलट्या केल्या आणि मग आपणच केलंय हे विसरून अर्धा दिवस मीच रडत बसले. खिडकी बंद झाली की कर्णा वाजेल अशी सोय केली. पहिल्या कर्ण्याला आईच्या हातातलं दुधाचं पातेलं गेलं. मग घरातल्या प्रत्येकाला एकेक नाव आणि परवलीचा शब्द दिला. अण्णा आपला परवलीचा शब्द मोठ्यानं म्हणत म्हणत टाइप करत, क्लासातल्या पोरांना शिकवल्यासारखे, त्यामुळे तो शेजारच्या तेलुगू मावशींनाही पाठ झाला. आईला मी पाहुणीच्या यादीत टाकलं.

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे तुला आत येता येईल, पण कशाला हात लावता येणार नाही. तू पाहुणी आहेस."

"माझ्या घरात मी पाहुणी?" आई म्हणाली. "हौ, बरं आहे की. मग चहा तू टाक. दोन चमचे साखर."

अंक निम्म्याच्या पुढे गेला होता. मग बापूसाहेब पानं पाहायला आले. बापूसाहेबांना घाई आवडत नसे आणि कुणी त्यांना घाई केलेली तर मुळीच नाही. मी छापून दिलेल्या पानांच्या तळाशी कॉम्प्युटरनं आपली आपण तारीख टाकली होती. दिवाळीच्या तोंडावरची. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. "अण्णासाहेब, हा काय प्रकार? माझं संपादकीय यायला उशीर झाला, हे असं टोमण्यानं सांगायचं?" अण्णांनी खूप समजावलं. रांगोळीची रेघ दाखवली, पडदा दाखवला. त्यानं प्रकरण आणखीच बिघडलं. बापूसाहेब निघून गेले आणि अण्णा मला म्हणाले, "उद्या घटस्थापना आहे. आता बाहेरही सगळं शुभ. ती तारीख आधी खरी कर."

माईआत्याला ते आवडलं नाही. "अरे, त्याची दिवाळी दोन दिवसांवर आली. मी अनारशाचं पीठ केलंय. आता त्याला नवरात्रात मागं ओढायचं? असं कुणाला करतात का?" पण अण्णा पहिल्यांदाच तिच्यापुढे अडून बसले. मी कंट्रोल पॅनेल उघडलं. सरांचा शब्द होताच, कुछ भी करो, वापस हो जाता. तारीख मागे आणली. मग अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम उघडायला गेले तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की ही प्रत आता चालणार नाही. ठीक आहे म्हटलं. पुन्हा उघडला, पुन्हा तीच ओळ. संध्याकाळपर्यंत मी ती ओळ इतक्यांदा वाचली की ती मला झोपेत दिसली असती, झोप लागली असती तर. अख्खा अंक त्या प्रोग्रॅमच्या पोटात, दुसरीकडे त्याची एक प्रत नाही. मी पडद्याचा रंग बदलून पाहिला. आवाज बदलून पाहिले. उंदीर डावा करून पाहिला. मला येत होतं ते सगळं मी केलं.

अण्णांनी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन त्यांनी पुण्याला फोन लावला.

श्रीरंगदादा आला तो ललितापंचमीला, गाडीतून उतरून चालतच. माझ्यापेक्षा थोडा मोठा, नीटनेटका, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आमच्या मराठीला तो मिशीत हसे. आई "नक्को" म्हणाली की "अगं मावशी, नको गं" असं दुरुस्त करी. पण माणूस सज्जन. माईआत्यानं आल्या आल्या त्याला सगळं स्पष्ट सांगितलं: "हे बघ, याचा दसरा झालाय. दिवाळी व्हायची होती, ती या लोकांनी होऊ दिली नाही. म्हणून रुसलंय." श्रीरंगदादा "हो का?" म्हणाला, जसं म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं, आणि कामाला लागला. दिवसभर त्यानं काय काय उघडलं, काय काय बंद केलं. शेवटी पाणी मागून घेतलं आणि म्हणाला, "काका, यातला सगळा डाटा गेला असं समजा. पुसून पुन्हा नव्यानं घालावं लागेल. आणि इथं बसून सगळं परत टाइप करायला आता दिवस उरलेत कुठे? हस्तलिखितं द्या, मशीन द्या. पुण्याला आम्ही दोघं-तिघं बसून अंक पुरा करतो. मशीन मग तिकडेच राहू दे, उपयोगात येईल."

अण्णा माझ्याकडे पाहत म्हणाले, "ठरलंच होतं तसं." आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "लातूर काही वाईट नाही गं," आणि मग स्वतःच डोळे पुसू लागली. श्रीरंगदादा सुतळी मागत होता, खोकी बांधायला.

सुतळी माईआत्याकडे असे. ती सुतळी न देता पुढच्या खोलीत जाऊन बसली. हातात अनारशांचा डबा. "न्या," ती म्हणाली, "पुसा, पुण्याला न्या, विहिरीत टाका. मी काही म्हणत नाही. पण याचा दसरा मी माझ्या हातांनी केलाय. दिवाळीच्या तोंडावरून उठवून कुणी कुणाला नेत नाही. वैजू, याची दिवाळी कर. लक्ष्मीपूजन होऊ दे, मग बांधा."

"माई, आता पुरे," अण्णा म्हणाले.

"सुतळी हवी ना?"

मग काय, केली दिवाळी. नाक ओढत कंट्रोल पॅनेल उघडलं, घड्याळावर टिचकी मारली आणि तारीख लक्ष्मीपूजनावर नेऊन ठेवली. बाहेर शेजारणी फुलांची रास मांडून तिच्याभोवती बतकम्मा खेळत होत्या, त्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या, आणि आत आम्ही पाच माणसं दिवाळी करत होतो. आईनं पणत्या लावल्या. श्रीरंगदादा सोफ्याच्या कडेवर बसून अनारसा खात होता. त्याचं तोंड असं झालं होतं की हे पुण्यात कुणाला सांगावं तर कसं. माईआत्यानं कॉम्प्युटरला कुंकू लावलं, लाह्या-बत्तासे ठेवले आणि म्हणाली, "आता वही उघड."

"कसली वही?"

"लक्ष्मीपूजनाला वही उघडी करून पुजतात. याची वही म्हणजे तो अंकच ना? उघड."

"अगं माईआत्या, तेच तर उघडत नाही!"

"तू उघड गं. उघडो न उघडो, आपण उघडायची असते."

मी तिला पुन्हा एकदा ती ओळ दाखवावी, म्हणजे तिची समजूत पटेल, म्हणून टिचकी मारली. पडदा एकदा काळा झाला. मग समोर आलं पान, डाव्या कोपऱ्यात पणतीचं चित्र आणि खाली अर्ध्यावर सोडलेली कुणा जोशीबाईंची तिळाच्या चटणीची कृती. सगळा अंक. एक काना हललेला नाही.

अनारसा हातात घेऊन श्रीरंगदादा उठून उभा राहिला. "काय केलंस?"

"काही नाही. दिवाळी केली."

त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, मग माईआत्याकडे पाहिलं, मग मटकन बसला. "हा मुदतीचा प्रोग्रॅम आहे का? अरे देवा. तो रोजची तारीख लक्षात ठेवतो. कालच्यापेक्षा आज मागची दिसली की त्याला वाटतं, मुदत वाढवायला कुणीतरी फसवतंय. मग तो दार लावून घेतो. मावशी, आत्या, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"आल्या आल्या सांगितलं," माईआत्या म्हणाली. "तू 'हो का' म्हणालास."

मी घाईघाईनं म्हटलं, "मग आता तारीख मागं—" आणि श्रीरंगदादा इतक्या जोरानं "हात लावू नकोस!" ओरडला की रस्त्यावरची बतकम्मा क्षणभर थांबली. मागं न्यायची नाही. जे काही करायचं ते पुढे पुढे जात करायचं. तो मुक्कामाला राहिला. आम्ही दोघं पाळीपाळीनं टंकायला बसलो, आत पाडवा उजाडला, आई आतल्यांसाठी चकल्या तळत होती आणि बाहेरच्यांसाठी नवरात्राच्या उपासाची भगर. काम बरंच उरकलं. त्यानं मला फ्लॉपीवर प्रती काढायलाही शिकवलं. पण मशीनचं काय, हे कुणी काढत नव्हतं. खोकी भिंतीशी तशीच उभी होती आणि अंकाचं प्रत्येक पान पुरं झालं की मला वाटे, ठरल्याप्रमाणे जमलं म्हणायचं की नाही? कारण अंक वाचला होता खरा, पण तो मी बुडवलाही होता, आणि अण्णा हिशेबाला पक्के.

बापूसाहेबांचं संपादकीय तेवढं यायचं राहिलं. ते आलं त्या दिवशी आत भाऊबीज होती. माईआत्यानं पाट मांडला. श्रीरंगदादाला कॉम्प्युटरपुढे बसवलं, डोक्यावर रुमाल दिला. मावसभाऊ म्हणजे भाऊच. मी ओवाळलं. तबक खाली ठेवायला लागले तर माईआत्या म्हणाली, "थांब. काय घालणार ओवाळणीत?"

श्रीरंगदादानं खिसे चाचपले. "आत्या, आत्ता खिशात परतीचं तिकीट आहे फक्त."

"तिकीट तुझं तुला राहू दे. मशीन घाल."

अण्णा म्हणाले, "माई, मशीन त्याचं कुठं आहे ओवाळणीत घालायला? मशीन माझं आहे."

"मग तू ते आधी त्याला दे. नाहीतरी द्यायलाच निघाला होतास ना? दे. म्हणजे तो हिला घालेल."

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत आधी राग आला, मग तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना, आणि मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "श्रीरंग," ते घसा साफ करून म्हणाले, "मशीन तुला दिलं बाबा."

"मिळालं काका," श्रीरंगदादा म्हणाला. आता अख्खा कॉम्प्युटर तबकात मावणार कसा? त्यानं इकडे तिकडे पाहिलं, मागे वळून उंदराची वायर काढली आणि उंदीर तबकात ठेवला. वायर निरांजनावर लोंबली. आई ओरडली, "अरे वायर, वायर!" आणि माईआत्यानं फुंकर घालून निरांजनच विझवलं, दिवाळीत दिवा विझवताना मी तिला एवढं एकदाच पाहिलं.

मी वाकून श्रीरंगदादाला नमस्कार केला, अण्णांना केला. उंदराला कुंकू लागलं होतं. तो तसाच जोडला आणि बापूसाहेबांचं संपादकीय टंकायला बसले. फार लांब होतं.